फर्मा, ब्रास आणि चौपन्न टक्के : घराच्या स्लॅबच्या हिशोबाचा इतिहास

मागच्या खेपेला आपण विटेच्या मापावर बोललो होतो. आजचा विषय त्याच्या वरचा, म्हणजे अगदी शब्दशः वरचा. भिंती उभ्या राहिल्या, सेंट्रिंगचे पत्रे ठोकून झाले, सळई बांधून झाली, आणि घरमालक मिस्त्रीला विचारतो, ‘पोती किती आणू?’ मिस्त्री वर बघतो, मनात काहीतरी पुटपुटतो आणि आकडा सांगतो. साठ. सत्तर. पंचाहत्तर. त्या आकड्यावर त्या कुटुंबाची बरीचशी शिल्लक खर्ची पडते. हा आकडा कुठून येतो, त्याच्या मागे कोणाकोणाचे हात आहेत, हे आज बघायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या. स्लॅबचा हिशोब चुकणं आणि प्लॅस्टरचा हिशोब चुकणं यात फरक आहे. प्लॅस्टरला माल कमी पडला तर उद्या आणता येतो. स्लॅब एका दमात भरावा लागतो. सकाळी सुरू केला की संध्याकाळपर्यंत एकसंध ओतला गेला पाहिजे, नाहीतर आजचं घट्ट झालेलं आणि उद्याचं ओलं यांच्यामध्ये सांधा राहतो, आणि पावसाळ्यात पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. शिवाय तो सांधा स्पॅनच्या भलत्या जागी आला तर प्रश्न निव्वळ गळतीचा राहत नाही. उलट बाजूनं दहा पोती जास्त आणली तर ती पावसाळ्यात कोपऱ्यात पडून दगड होतात. त्यामुळे ‘पोती किती’ या प्रश्नाला बेफिकिरीनं उत्तर देणारा मिस्त्री फार काळ टिकत नाही.

आता मागे जाऊ या. सिमेंट येण्याआधी आपल्याकडे छप्पर होतं ते दोन-तीन तऱ्हेचं. कोकणात आणि घाटमाथ्यावर कौलं, देशावर आणि मराठवाड्यात माळवद. माळवदाचा हिशोब लाकडाचा असायचा : तुळया किती, कडीपाट किती. वर माती टाकायची ती कोणी मोजत नव्हतं. गळलं की आणखी एक थर. असं करत करत छपरावर दोन-दोन फूट माती साचायची. या न मोजलेल्या मातीकडे आपण पुढे परत येणार आहोत.

चुन्याचं काँक्रीट मात्र मोजून करत असत, आणि तेही फार जुन्या काळापासून. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेलाय की खाणीतली वाळू असेल तर तीन भाग वाळूला एक भाग चुना, आणि नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनाला एक. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट प्रमाणाची नाही, तर ‘भाग’ या शब्दाची आहे. भाग म्हणजे आकारमान. टोपली, पाटी, घमेलं, हाताशी जे भांडं असेल ते. वजनकाटा बांधकामावर कोणी नेत नाही, भांडं प्रत्येकाकडे असतं. आपल्याकडचं एकास दोनास चार हे त्याच घराण्यातलं आहे.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिननं १८२४ साली घेतलं. फ्रान्समध्ये मोनिए नावाच्या माळ्यानं १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं, आणि १८९२ साली एनबिक यानं तुळई, खांब आणि स्लॅब एकत्र ओतायची पद्धत नोंदवली. हा सगळा इतिहास आपण इतरत्र ऐकलेला आहे, म्हणून तो भरभर ओलांडू. आपला प्रश्न निराळा आहे. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, म्हणजे एकूण सात भाग. ते कालवल्यावर काँक्रीट किती भाग होतं?

सात नाही. इथेच नवखा माणूस फसतो.

एक साधा प्रयोग घरी करता येईल. दहा लिटरच्या बादलीत काठोकाठ खडी भरा. बादली भरली. आता तिच्यात पाणी ओता. चार लिटर, कधी त्याहून थोडं जास्त पाणी आत मावतं. म्हणजे ‘भरलेल्या’ बादलीत चार-साडेचार लिटर नुसती पोकळी होती. वाळूचंही तसंच, सिमेंटचंही तसंच. काँक्रीट करताना खडीच्या पोकळीत वाळू शिरते, वाळूच्या पोकळीत सिमेंट शिरतं, आणि सात भागांचे साडेचार भाग होतात. उलटीकडून म्हटलं तर एक घनफूट ओलं काँक्रीट हवं असेल तर सुमारे दीड घनफूट कोरडा माल लागतो. आपल्या अंदाजपत्रकांत हा आकडा १.५४ असा छापलेला असतो. डिप्लोमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असतो. चौपन्न टक्के वाढवा. का वाढवा, हे मात्र शंभरातल्या नव्वदांना सांगता येत नाही.

या आकड्याचा एक नातेवाईक अमेरिकेत सापडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम फुलर नावाच्या अभियंत्यानं एक सोपा नियम दिला : अकराला प्रमाणाच्या बेरजेनं भागा, एक घनयार्ड काँक्रीटला तेवढी बॅरलं सिमेंट लागेल. एकास दोनास चार असेल तर अकरा भागिले सात. झालं. काँक्रीटवरच्या १९०५ सालच्या टेलर आणि टॉमसन यांच्या जाडजूड ग्रंथात काँक्रीटच्या प्रमाणांविषयीचं लेखन याच फुलरचं आहे. (हा टेलर म्हणजे तोच बरं का, फ्रेडरिक टेलर, जो घड्याळ घेऊन मजुरांच्या फावड्याच्या फेऱ्या मोजत असे आणि ज्याच्या नावानं आज मॅनेजमेंटची पोरं परीक्षा देतात. काँक्रीटवरही त्याचं पुस्तक आहे हे त्यांना सहसा ठाऊक नसतं.)

आता फुलरचा अकरा आणि आपला १.५४ शेजारी शेजारी ठेवू. एक बॅरल म्हणजे ३.८ घनफूट सिमेंट धरत असत. अकरा बॅरलं म्हणजे ४१.८ घनफूट. घनयार्ड म्हणजे २७ घनफूट. ४१.८ ला २७ नं भागा : १.५४८. आपल्या १.५४ च्या इतकं जवळ की फरक काढायला दशांश चिन्हाच्या पुढे जावं लागतं. कोणी कोणाचं घेतलं या वादात आपण पडत नाही. शिकागोची खडी काय आणि नाशिकची काय, दगड फोडल्यावर त्यात राहणारी पोकळी साधारण तेवढीच असते, त्यामुळे दोन्हीकडे मोजणारा माणूस त्याच आकड्यापाशी पोचतो.

भारतात पोर्टलंड सिमेंट आधी जहाजानं यायचं. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट बाहेर पडू लागलं. १९२७ साली काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया निघाली, तिचं कामच मुळी लोकांना हा नवा माल वापरायला शिकवणं हे होतं. १९३६ साली वेगवेगळ्या कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. त्याच सुमाराला मुंबईत मरीन ड्राइव्हवर आर.सी.सी.च्या इमारतींची रांग उभी राहत होती. मुंबईचा तो डौल आपल्या गावातल्या घरापर्यंत यायला आणखी तीस-चाळीस वर्षं गेली. पण हिशोबाची भाषा तेव्हाच पक्की झाली, आणि ती इंग्रजी मापाची होती.

सिमेंटचं पोतं होतं ११२ पौंडांचं. ११२ पौंड म्हणजे एक हंड्रेडवेट, आणि वीस हंड्रेडवेटचा एक ब्रिटिश टन. म्हणजे टनाला बरोबर वीस पोती. सैल सिमेंटचं वजन घनफुटाला ९० पौंड धरत. ११२ ला ९० नं भागलं की येतं १.२४. त्याचं व्यवहारात झालं सव्वा. ‘एक पोतं म्हणजे सव्वा घनफूट’ हे जे आजही कुठल्याही साइटवर ऐकू येतं, त्याचा उगम हा असा आहे. आणि आजच्या पुस्तकांत सिमेंटची घनता १४४० किलो प्रति घनमीटर असा जो शास्त्रीय दिसणारा आकडा असतो, तोही दुसरं तिसरं काही नाही, ते जुने ९० पौंडच मेट्रिकचे कपडे घालून आलेत. अमेरिकेत पोतं ९४ पौंडांचं आणि ते बरोबर एक घनफूट मानतात, त्यामुळे त्यांचा हिशोब आपल्यापेक्षा सुटसुटीत. परदेशी हिशोब बघून इथे पोती आणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनीही ठेवावं. तिथे घरामागे छोटा स्लॅब टाकायचा तर ८० पौंडांची तयार मिश्रणाची पिशवी मिळते, तिचं ०.६ घनफूट काँक्रीट होतं, आणि एका घनयार्डाला ४५ पिशव्या लागतात. पोत्याचा इथला आकडा तिथे चालत नाही.

सिमेंटला पोतं, तसं वाळू-खडीला ब्रास. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. देश मेट्रिक होऊन साठ वर्षं उलटली, पण महाराष्ट्रात वाळूचा भाव आजही ब्रासवर बोलला जातो आणि महसूल खात्याच्या गौण खनिजाच्या कागदांतही ब्रास आहे. ट्रक आला की मालक टेप लावतो. बारा फूट लांब, सात फूट रुंद, अडीच फूट उंच : २१० घनफूट, दोन ब्रास दहा फूट. यात वजनाचा संबंधच नाही.

आणि या दोघांच्या मध्ये आहे फर्मा. फर्मा म्हणजे लाकडाचा किंवा पत्र्याचा, बिनतळाचा किंवा तळाचा चौकोनी खोका, आतून एक फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. हिशोब केला तर सव्वा घनफूट. म्हणजे एक फर्मा बरोबर एक पोतं! आता पोतं फोडून मापायची गरज नाही. एका पोत्याला दोन फर्मे वाळू, चार फर्मे खडी. अक्षर न येणारा मजूरसुद्धा हे चुकणार नाही. आम्हाला विचाराल तर महाराष्ट्रातल्या बांधकामाच्या इतिहासात या खोक्याचं महत्त्व मोठमोठ्या यंत्रांइतकं आहे, पण त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. त्याचा शत्रू म्हणजे घमेलं. घमेल्याचा आकार ठरलेला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सपाट भरलं की शीग लावून, हे भरणाऱ्याच्या मूडवर. ‘शिगेला पोचणे’ आपण सहज बोलतो. स्लॅबच्या दिवशी दुपारी तीनला थकलेल्या मजुराच्या घमेल्याची शीग किती उतरते ते एकदा जाऊन बघावं.

आता एक घर घेऊ आणि हिशोब करू. लांबी तीस फूट, रुंदी वीस फूट. सहाशे चौरस फूट. जाडी पाच इंच. सहाशे गुणिले पाच भागिले बारा : २५० घनफूट. अडीच ब्रास ओलं काँक्रीट. चौपन्न टक्के वाढवा : ३८५ घनफूट कोरडा माल. एकास दोनास चार असेल तर सातानं भागा : सिमेंट ५५ घनफूट, वाळू ११०, खडी २२०. पंचावन्नाला सव्वानं भागा : ४४ पोती. जुन्या ओव्हरसियर मंडळींना एवढंही करावं लागत नसे. त्यांना पाठ होतं की एक ब्रास काँक्रीटला ८८ घनफूट खडी, ४४ घनफूट वाळू आणि १७.६ पोती सिमेंट. अडीचनं गुणलं की झालं, तेच ४४. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, तेव्हापासून सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी हाताखालची माणसं तयार होत होती. त्यांच्यामार्फत ही पाठांतरं ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून मिस्त्रीकडे उतरली. मिस्त्री वर बघून पुटपुटतो ते हेच.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. पण हा हिशोब ज्या काळात आपल्या घराघरांत शिरला, तो काळ सोपा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सिमेंटवर सरकारी नियंत्रण आलं. १९५६ मध्ये वाटपाचं काम स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे गेलं. १९६६-६७ ही दोन वर्षं सोडली तर १९८२ पर्यंत सिमेंट मोकळेपणी मिळणारी वस्तू नव्हती. परमिट लागायचं. आजच्या तरुण श्रोत्यांना हे सांगावं लागतं. पैसे खिशात आहेत, दुकान समोर आहे, आणि तरी सिमेंट मिळत नाही. अर्ज करायचा, सोबत घराचा नकाशा आणि अंदाजपत्रक जोडायचं, आणि वाट बघायची.

या व्यवस्थेत अंदाजपत्रकाचा स्वभावच बदलला. आधी तो मालकानं स्वतःसाठी केलेला हिशोब होता. आता तो कचेरीपुढे मांडायचा दावा झाला. चव्वेचाळीस लागणार असतील तर साठ लिहायची, कारण वरचा माणूस कापणार. आणि सगळे साठ लिहितात हे माहीत असल्यामुळे वरचा माणूस आणखी कापणार. यात खरा हिशोब लिहिणारा भोळा माणूस सर्वांत जास्त मार खायचा. चव्वेचाळीस मागून तीस मिळाली तर तो काय करील? एकास दोनास चारचं एकास तीनास सहा करील. त्या काळच्या कित्येक स्लॅबांचा आज खालून पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसते. त्याची कारणं अनेक आहेत. कव्हर कमी असेल, पाणी जास्त असेल. पण कमी पडलेल्या पोत्यांचा वाटा त्यात नाही असं म्हणायला आम्ही तयार नाही.

दुसरी अडचण जास्त सूक्ष्म होती. सिमेंट हप्त्या-हप्त्यानं मिळायचं. या महिन्यात दहा पोती, पुढच्या महिन्यात पंधरा. स्लॅब तर एका दिवसात भरायचा. म्हणून पोती साठवावी लागत, तीही तागाची, ज्यांतून दमट हवा आरपार जाते. पाठ्यपुस्तकं सांगतात की साठवलेलं सिमेंट तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा ताकद गमावतं, सहा महिन्यांत तीस टक्क्यांच्या आसपास. मग चव्वेचाळीस पोत्यांचा हिशोब कागदावर बरोबर असूनही आत सिमेंट म्हणून उरलेलं असायचं ते पस्तीस पोत्यांच्या जोराचं. अनुभवी मिस्त्री म्हणून दर दहा पोत्यांमागे एक-दोन जास्त घालायचे. बाहेरच्याला ती उधळपट्टी वाटायची, पण खोलीत साठवून ठेवलेल्या पोत्यांची अवस्था मिस्त्रीनं हात घालून पाहिलेली असायची.

१९८१-८२ साली महाराष्ट्रात सिमेंट वाटपावरून जे रामायण झालं ते इथे सांगत बसत नाही. त्यात मुख्यमंत्रिपद गेलं, एवढी या राखाडी भुकटीची किंमत होती. १९८२ च्या फेब्रुवारीत नियंत्रण अंशतः उठलं. कारखान्यांना ठरावीक हिस्सा लेव्ही म्हणून सरकारला देऊन उरलेलं सिमेंट खुल्या बाजारात विकता येऊ लागलं. १९८९ च्या मार्चमध्ये उरलंसुरलं नियंत्रणही गेलं. अंदाजपत्रक पुन्हा घरमालकाचं झालं.

मध्ये मेट्रिक आलं. वजनमापांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं. ११२ पौंड म्हणजे ५०.८ किलो. पोतं झालं पन्नास किलोचं, टनाला वीस पोती हा हिशोब नव्या टनालाही लागू राहिला, आणि कोणाला काही बदललं असं वाटलं नाही. पण पोत्यामागे ८०० ग्रॅम गेले की नाही? छप्पन्न पोत्यांवर जवळजवळ ४५ किलो, म्हणजे एक पोतं कमी. फर्मा मात्र सव्वा घनफुटाचाच राहिला. पन्नास किलो सिमेंट नेमकं मोजलं तर १.२३ घनफुटाच्या आत भरतं, ३४.७ लिटर. म्हणजे फर्म्यानं वाळू-खडी घालणारा प्रत्येक माणूस नकळत दोन टक्के सिमेंट कमी घालतो. दोन टक्क्यांनी स्लॅब पडत नाही, भिऊ नका. पण मोजमाप बदलताना जुनं भांडं तसंच राहिलं की असं होतं.

आता त्या माळवदाकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, आणि त्यांतली कितीतरी दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन. जरा वजनाचा हिशोब करा. दोन फूट मातीचं छप्पर, चौरस मीटरला साधारण साडेनऊशे किलो. पाच इंची आर.सी.सी. स्लॅब, सव्वातीनशेच्या आत. मातीचं छप्पर तिप्पट जड, आणि त्याला बांधून ठेवणारं काही नाही. त्यानंतर मराठवाड्यात ‘स्लॅबचं घर’ या शब्दाला जी प्रतिष्ठा आली, ती नुसती हौस नव्हती. तरीही एक सांगतो : खाली खांब-तुळया नसताना दगड-मातीच्या भिंतीवर नुसता स्लॅब ठेवला तर तो सुरक्षित होत नाही. तोही शेवटी वजनच आहे.

हिशोबातला सर्वांत मोठा बदल मात्र २००० साली झाला, आणि तोही गाजावाजा न होता. काँक्रीटचं भारतीय मानक आय.एस. ४५६ हे पहिल्यांदा १९५३ चं. १९५७, १९६४, १९७८ अशी त्याची सुधारणा होत गेली. एकास दोनास चार म्हणजे साधारण एम-१५, आणि आर.सी.सी.ला ते चालत होतं. २००० च्या सुधारणेत लिहिलं गेलं की आर.सी.सी.साठी किमान एम-२०. म्हणजे व्यवहारात एकास दीडास तीन. आता आपल्या त्याच घराचा हिशोब करा. कोरडा माल तोच, ३८५. भागायचं साडेपाचनं. सिमेंट ७० घनफूट, वाळू १०५, खडी २१०. सत्तर भागिले सव्वा : ५६ पोती. चव्वेचाळीसची छप्पन्न झाली. त्याच घराला, त्याच जाडीला बारा पोती जास्त. वडिलांनी १९९० साली खालचा मजला बांधला आणि मुलानं वीस वर्षांनी वरचा, तर ‘आमच्या वेळी एवढं सिमेंट लागलं नव्हतं, हा ठेकेदार खातोय’ हे भांडण घरोघरी झालेलं आहे. ठेकेदार खात असेल नसेल, पण ही बारा पोती मानकाची आहेत.

आणि खरं सांगायचं तर छप्पन्नही शेवटचा आकडा नाही. मानकाच्या आतल्या तक्त्यात प्रमाण भागांनी दिलेलंच नाही, वजनानं दिलंय : एम-२० साठी एका पोत्यामागे वाळू आणि खडी मिळून २५० किलो, पाणी ३० लिटर. आता पोकळी सोडून नुसत्या घन मालाचं आकारमान काढू. पन्नास किलो सिमेंटचं घन आकारमान जेमतेम १६ लिटर. पोतं बाहेरून ३५ लिटरचं दिसतं, निम्म्याहून जास्त हवाच आहे! वाळू-खडीचं आपल्या काळ्या दगडाच्या हिशोबानं ९० लिटर. पाणी तीस. थोडी अडकलेली हवा. एका पोत्याचं काँक्रीट होतं साधारण १३८ लिटर, म्हणजे पावणेपाच-पाच घनफूट. या हिशोबानं २५० घनफुटाला ५१-५२ पोती पुरतात. चौपन्न टक्क्यांचा नियम चार-पाच पोती जास्त सांगतो. आम्हाला ते खुपत नाही. सेंट्रिंगच्या फटींतून गळणारं, मिक्सरला चिकटणारं, पाटीतून सांडणारं काँक्रीट त्या चार-पाच पोत्यांतून भागतं. जुन्या लोकांचा नियम ढोबळ होता, पण कुठल्या बाजूला ढोबळ असावं हे त्यांना कळत होतं.

ज्या गोष्टी नियमात बसत नाहीत त्या मात्र मालकाला बुडवतात. पहिली तुळई. आपल्या तीस बाय वीसच्या घराला कडेनं फिरणारी तुळई शंभर फूट होते. नऊ इंच रुंद, स्लॅबच्या खाली दहा इंच लोंबणारी. त्याचे ६२ घनफूट झाले, म्हणजे अडीचशेवर पाव हिस्सा! छप्पन्नची सत्तर पोती झाली. घरमालक लांबी-रुंदी-जाडी गुणून मोकळा होतो आणि मिस्त्रीनं सत्तर सांगितलं की त्याला संशय येतो. संशयाचं मूळ बहुतेक वेळा या तुळईत असतं. छज्जे धरले तर आणखी थोडी. जिन्याची मोकळी जागा वजा होते, सळईचं आकारमान मात्र कोणी वजा करत नाही, तशी मोजणीची रीतच आहे. दुसरं, सेंट्रिंग. पत्रे अर्धा इंच खाली बसले तर सहाशे फुटाला २५ घनफूट, साडेपाच पोती, आणि ती कोणाच्याच कागदावर नसतात. म्हणून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी दोरी बांधून जाडी तपासणारा मिस्त्री मिळाला तर त्याला चहा पाजावा.

तिसरी वाळू. ही सगळ्यांत लबाड. ओलसर वाळू फुगते. चार-सहा टक्के ओल असली की दाण्यांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, दाणे एकमेकांपासून दूर राहतात, आणि तीच वाळू पाव हिश्श्यानं जास्त जागा अडवते, बारीक असली तर त्याहूनही जास्त. पूर्ण भिजवली की पुन्हा खाली बसते. नदीतून काढलेली वाळू तर ओलीच येते. १०५ घनफूट कोरडी वाळू हवी असेल तर ओलसर वाळू १३० घनफूट घ्यावी लागते. मालक टेप लावून एक ब्रास मोजून घेतो, आणि त्यातला पाचवा हिस्सा हवा-पाणी असतं. तपासायची युक्ती जुनी आहे : सरळ उभ्या डब्यात वाळू भरा, उंची मोजा, मग ती पाण्यात बुडवून हलवा आणि परत मोजा. जेवढी उतरली तेवढी फुगलेली होती. नदीच्या वाळूवर निर्बंध आले आणि आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड आली आहे. तीही साइटवर पावसात भिजलेली असेल तर फुगतेच.

१९९० च्या दशकात पुण्या-मुंबईकडे रेडिमिक्स आलं, आणि आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलंय. तिथे पोती नाहीत, फर्मा नाही, ब्रास नाही. ऑर्डर घनमीटरवर. आपल्या घराचे तुळईसकट ३१२ घनफूट म्हणजे ८.८५ घनमीटर. सहा घनमीटरची एक गाडी आणि मागून तीनची दुसरी. चौपन्न टक्के इथे विसरायचे, कारण माल ओलाच येतो. पुष्कळ मालक सवयीनं ते इथेही वाढवतात आणि चार घनमीटर काँक्रीट रस्त्याच्या खड्ड्यात ओततात. इथे मोजायचं ते घड्याळ : मानक म्हणतं की माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, तेव्हा दुसरी गाडी पहिलीच्या मागोमाग निघेल हे आधी पक्कं करून घ्यावं. आणि चलनावर सहा लिहिलंय पण आत सहा आहे का, ही शंका आली तर टेप उपयोगाचा नाही, फिरत्या ड्रमला टेप कुठे लावणार? गाडी भरलेली आणि रिकामी काट्यावर घ्या. घनमीटरला साधारण २४५० किलो धरा. सहा घनमीटरला पावणेपंधरा टनाच्या आसपास फरक यायला हवा.